टीबर्ड, लेपर्ड आणि माझा हात

डिस्क गोल्फच्या डिस्कवर हल्ली चार आकडे छापलेले असतात. इनोव्हा कंपनीच्या टीबर्डचे ७, ५, ०, २. त्याच कंपनीच्या लेपर्डचे ६, ५, -२, १. पहिला आकडा वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीला उजवीकडे झुकण्याचा (जितका वजा, तितकी जास्त उजवीकडे) आणि चौथा शेवटी डावीकडे वळण्याचा. हे सगळं उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्यासाठी. डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलटं धरायचं.

माझा भाचा शिकायला अटलांटात आलाय. तिथे मित्रांनी त्याला हा खेळ दाखवला आणि लगेच मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा: "मावशी, सगळ्यात लांब जाणारी कुठली? १३ स्पीडची घेऊ का?" नको रे बाबा, एवढंच आधी लिहिलं. मग कारणं लिहायला बसले तर मेसेज संपेचना. म्हणून ते इथे लिहितेय, म्हणजे बाकीच्यांनाही वाचता येईल.

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोल्फसारखंच, पण चेंडूऐवजी डिस्क आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लटकवलेली लोखंडी बास्केट. टीवरून, म्हणजे ठरलेल्या जागेवरून, सुरुवात करायची, जिथे डिस्क पडेल तिथून पुढचा थ्रो, आणि कमीत कमी थ्रोमध्ये बास्केट गाठायची. पहिला कायमस्वरूपी कोर्स १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कात एड हेड्रिकने उभा केला. तेव्हा लोक साध्या फ्रिसबीच फेकत. १९८३ मध्ये डेव्ह डनिपेसने कडेला उतरती धार दिलेली डिस्क काढली. ती हवा कापत जाऊ लागली, आणि आज आम्ही खेळतो तो खेळ खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला.

आता पिशवीत जवळच्या थ्रोसाठी पटर असतो, मधल्या अंतरासाठी मिडरेंज असते, फेअरवे ड्रायव्हर असतो आणि डिस्टन्स ड्रायव्हर असतो. फेअरवे ड्रायव्हर म्हणजे साधारण ६ ते ९ वेगाच्या डिस्क. मिडरेंजपेक्षा लांब जाणाऱ्या, डिस्टन्स ड्रायव्हरपेक्षा ताब्यात राहणाऱ्या. सगळा फरक कडेच्या रुंदीत आहे. टीबर्डची कड सुमारे १.७ सेंटिमीटर. डिस्टन्स ड्रायव्हरची २.२ च्या पुढे जाते, आणि नियमाप्रमाणे २.६ च्या वर जाता येत नाही. माझी बोटं लांब नाहीत. रुंद कडेच्या डिस्कवर ती पुरती वळतच नाहीत, पकड टोकांवर येते आणि डिस्क सुटायच्या आधीच निसटते. टीबर्ड किंवा लेपर्ड हातात घेतली की चारही बोटं कडेच्या आत नीट बसतात. बायकांना आणि लहान हाताच्या पुरुषांना दुकानात हे कोणी सांगत नाही, पण सगळ्यात आधी हेच बघायला हवं.

आता उड्डाण. कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या हेलियर पार्कात सकाळी लवकर गेलं तर वारा जवळजवळ नसतो. तेव्हा डिस्क नुसती बघत राहावी. लेपर्ड मी किंचित डावीकडे झुकवून सोडते, म्हणजे तिची डावी कड खाली. याला हायझर म्हणतात. हातातून सुटली की ती त्याच कलाने निघते आणि पहिल्या पन्नास-साठ फुटांत हळूच सपाट होते. सपाट झाल्यावर तिची चाल बदलते. कापत जाणं संपतं आणि तरंगणं सुरू होतं. मग थोडी उजवीकडे ओढ घेते, जेमतेम दोन हात. शेवटी वेग ओसरला की डावी कड परत खाली येते आणि ती मूळ रेषेवर येऊन गवतात उतरते. हे सगळं तीन-चार सेकंदांत. माझ्या हातून हा थ्रो २३० फुटांच्या आसपास जातो.

हे असं का होतं, ते कळलं की डिस्क निवडणं सोपं होतं. डिस्क वेगात असते तेव्हा तिला उचलून धरणारा हवेचा जोर मध्याच्या जरा मागे पडतो, त्यामुळे नाक, म्हणजे डिस्कची पुढची कड, खाली जाऊ बघतं. पण डिस्क फिरतेय. फिरत्या वस्तूवर जोर एकीकडून आला की ती तिकडे न कलता काटकोनात कलते. भोवरा कलला तरी आडवा न पडता घुमत राहतो, त्यातलाच हा प्रकार. वरून पाहिलं तर आपली डिस्क घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असते, म्हणून नाक खाली दाबलं की ती उजवीकडे कलते. पुढे वेग कमी होतो, डिस्क खाली येऊ लागते, हवा तिच्या पोटावर जास्त लागते आणि जोर पुढे सरकतो. आता नाक वर ढकललं जातं, आणि त्याच न्यायाने डिस्क डावीकडे कलते. फिरकी शेवटपर्यंत बऱ्यापैकी टिकते, पुढे जाण्याचा वेग मात्र झपाट्याने उतरतो. तिसरा आणि चौथा आकडा या दोन टप्प्यांचे आहेत.

म्हणजे उड्डाण ठरतं ते हवेतल्या वेगावर. आणि पहिला आकडा डिस्क किती वेगाने जाईल ते सांगत नाही. तुम्ही तिला किती वेगाने सोडलीत तर बाकीचे तीन आकडे खरे ठरतील, ते तो सांगतो. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यावर उभं आहे. १३ वेगाची डिस्क नवख्याच्या हातात उड्डाणाचा पहिला टप्पा गाठतच नाही. ती सुटल्या क्षणापासून दुसऱ्या टप्प्यात असते, म्हणजे थेट डावीकडे. नेवाडाच्या वाळवंटात २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स ज्युनियरने ३३८ मीटर डिस्क फेकली ती डिस्टन्स ड्रायव्हरनेच, पण तो हात वेगळा आणि पाठीशी वाराही होता.

याच कारणाने माझ्या हातात टीबर्ड तिच्या आकड्यांसारखी उडत नाही. आमच्या शनिवारच्या ग्रुपमध्ये एक उंच मुलगा आहे. त्याची टीबर्ड तीनशे फुटांपलीकडे दोरीसारखी सरळ जाते आणि अगदी अखेरीस डावीकडे उतरते, ७, ५, ०, २ जसंच्या तसं. माझी टीबर्ड अर्ध्या वाटेतच डावीकडचा रस्ता धरते. त्याच्या टीबर्डसारखी उडणारी माझी डिस्क म्हणजे लेपर्ड. छापलेला -२ माझ्या वेगाला जेमतेम शून्याच्या खाली जातो. दोघांना हवा असतो तोच सरळ थ्रो, फक्त डिस्क वेगळी. मी लेपर्ड १६५ ग्रॅमच्या आसपासची वापरते. टीबर्ड जास्तीत जास्त १७६ ग्रॅमची मिळते, पण एवढं वजन हाताला वेग घेऊ देत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आकड्यांत कुठेच नसते: नाक. सुटताना डिस्कचा पुढचा भाग जरासा जरी वर असला तरी ती वर चढते, थबकते आणि डावीकडे कोसळते. लोक डिस्कला दोष देतात आणि आणखी वेगाची विकत आणतात. अंगठा वरून घट्ट दाबा आणि मनगट करंगळीच्या बाजूला खाली झुकलेलं ठेवा. एवढ्यानेच तीच डिस्क वीस-तीस फूट पुढे जाते. फेअरवे ड्रायव्हर ही चूक लगेच दाखवतो आणि सुधारलात की तेही लगेच दाखवतो. म्हणून शिकायला मला तो सगळ्यात आवडतो.

दुपारनंतर हेलियरला वायव्येकडून खाडीचा वारा सुटतो. एका बाजूला सायकलींचा वेलोड्रोम, दुसरीकडे कोयोटी क्रीक, आणि मधला बराच भाग उघडा. वारा समोरून आला की डिस्कच्या दृष्टीने तिचा वेग वाढतो, म्हणून ती जास्त उजवीकडे झुकते. सकाळी सरळ गेलेली लेपर्ड दुपारी उजवीकडे जाऊन परतच येत नाही. वारा पाठीमागून असेल तर उलट: हवेतला वेग कमी, उचल कमी, डिस्क लवकर बसते आणि लवकर डावीकडे जाते.

या वाऱ्याचा सगळ्यात सुंदर उपयोग सांताक्रूझच्या डेलाव्हिआगावर होतो. १९८४ पासूनचा हा कोर्स, ओकच्या झाडांतून डोंगरावर पसरलेला. चुकलेली डिस्क शोधायला झुडपात शिरायचं तर पॉयझन ओकपासून जपून, अंगावर फोड उठतात. सत्तावीसाव्या होलचं नाव 'टॉप ऑफ द वर्ल्ड'. टीवर उभं राहिलं की स्वच्छ दिवशी थेट मॉन्टेरे बे दिसतो आणि बास्केट खाली, दीडशे मीटरहून लांब. सगळे पिशवीतली सगळ्यात वेगवान डिस्क काढतात. समुद्राचा वारा समोरून असेल तर मी तिथे टीबर्ड काढते. माझ्या हाताला कमी पडणारा वेग वारा भरून देतो, आणि एरवी माझ्याकडून डावीकडे पळणारी टीबर्ड तिथे आकड्यांबरहुकूम उडते. कितीतरी वेळ सरळ, समुद्राच्या दिशेने, मग उताराला लागून डावीकडे. वारा जे अंतर खातो ते उतार परत देतो. तिथे लेपर्ड फेकली तर उजवीकडच्या झाडीत. उतारावर डिस्क हवेत जास्त वेळ राहते, त्यामुळे तिची प्रत्येक सवय दुप्पट होऊन दिसते. डावीकडे उतरण्यासाठी जागा मोकळी ठेवूनच नेम धरायचा.

याच्या उलट अनुभव लेक टाहोला. साउथ लेक टाहोचा बिजू कोर्स पाइनच्या झाडांत आहे, सुमारे १९०० मीटर उंचीवर. हवा विरळ, त्यामुळे डिस्कला धरायला कमी हवा. तिथे माझी लेपर्ड उजवीकडे झुकायचं नावच घेत नाही. उन्हाळ्यात तिकडे जाताना मी झिजलेल्या डिस्क मुद्दाम बरोबर घेते.

झिजण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बॅग बांधणं याच्यावरच चालतं. इनोव्हाचं डीएक्स प्लॅस्टिक सगळ्यात स्वस्त आणि मऊ. हाताला छान चिकटतं, पण दोन झाडांवर आपटली की कडेवर दाते पडतात, बोट फिरवलं तर खरखर लागते. प्रत्येक आपटण्यासरशी कडेचा आकार जरा बदलतो आणि डिस्क उजवीकडे झुकायला लागते. चॅम्पियन प्लॅस्टिक टणक आणि काचेसारखं पारदर्शक, ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. म्हणून अनेक जण एकाच साच्याच्या तीन डिस्क ठेवतात: नवी, मुरलेली आणि पुरती झिजलेली. नवी वाऱ्यात आणि डावीकडच्या वळणांना, मुरलेली सरळ थ्रोसाठी, झिजलेली उजवीकडच्या वळणांना. पकड तीच, हाताला जाणवणारी जाडीही तीच, त्यामुळे डोक्याला नवं काही शिकावं लागत नाही. केन क्लायमो, बारा वेळा जगज्जेता, त्यात १९९० ते १९९८ सलग नऊ वेळा, त्याचं नाव टीबर्डशी जोडलं गेलंय. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेला साचा आजही दुकानात पहिल्या रांगेत असतो, याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

तर बाळा, तुझ्यासाठी. डीएक्स लेपर्ड घे, १६५ ते १७० ग्रॅमची. तुझा हात माझ्यापेक्षा जोरकस असणार, तेव्हा काही महिन्यांत ती उजवीकडे पळायला लागेल. त्या दिवशी टीबर्ड विकत घे आणि लेपर्ड पिशवीतच राहू दे. कोर्सवर जायच्या आधी मोकळ्या मैदानात फेक, आणि वारा समोरून, पाठीमागून, दोन्हीकडून असताना फेकून बघ. जॉर्जियात पाइनची दाटी असते, तिथे अडीचशे फूट सरळ जाणारी डिस्क साडेतीनशे फूट कुठेतरी जाणाऱ्या डिस्कपेक्षा जास्त थ्रो वाचवते. रंग भडक घे, गुलाबी किंवा नारिंगी. हिरवी गवतात आणि तपकिरी पाइनच्या काड्यांत हरवते. आणि आतल्या बाजूला मार्करने नाव आणि फोन नंबर लिही. या खेळात लोक सापडलेल्या डिस्कसाठी खरोखर फोन करतात.