मीबी तेच गोया खाल्ल्या जी

पडदा सारायच्या आधीच वासानं सांगितलं होतं, मेलीना आहे, म्हणजे पोटातल्या रक्तानं काळी झालेली शौच. चाळिशीतला शेतकरी, पांढराफटक, सोबत धाकटा भाऊ. हिमोग्लोबिन ५.१. युरिया चढलेला, क्रिएटिनिन मात्र नॉर्मल. जठरात सांडलेलं रक्त पुढे लहान आतड्यात प्रथिनासारखं पचतं आणि युरिया वाढतो. हे न बघता किडनीवाल्यांना कॉल लावणारा एखादा इंटर्न दरवर्षी भेटतोच.

रक्त चढवायला घेतलं, शिरेतून एरिथ्रोमायसिन दिलं. आहे अँटिबायोटिक, पण जठराला ढकलतं आणि गुठळ्या पुढे सरकवतं; नाहीतर स्कोपमधून, म्हणजे पोटात घालायच्या दुर्बिणीतून, नुसता लाल चिखल दिसतो. अँट्रममध्ये, म्हणजे जठराच्या खालच्या भागात, अल्सर, तळाशी उघडी धमनी, तिच्यातून बारीक चिळकांडी. जागा इतकी अडचणीची की क्लिप आडवीच जायची. चहूबाजूंनी पातळ केलेलं ॲड्रेनॅलिन टोचलं, धार मंदावली, हवा थोडी काढून घेतली तेव्हा धमनी समोर आली आणि क्लिप नेमकी बसली. क्लिप फिरवून हव्या त्या कोनात आणून देणारा आमचा टेक्निशियन अर्ध्या फेलोंना भारी आहे. रिपोर्टवर त्याचं नाव येत नाही.

मग चौकशी. २०२४ च्या पावसाळ्यात विदर्भात चिकनगुनियानं घरंच्या घरं आखडली होती. या दोघांनाही एकाच आठवड्यात ताप. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न बघता पायरॉक्सिकॅम २० ही वेदनाशामक गोळी दिली, जिभेखाली विरघळणारी, रोज एक. जिभेखाली ठेवली की पोटाला लागत नाही, हा समज गावात आहे तसाच काही डॉक्टरांतही आहे. गोळी कुठूनही जाऊ दे, रक्तातून जठरावर येतेच. अशी औषधं शरीरातली प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं बनणं थांबवतात, हे औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्येच दाखवलं होतं; जठराला जपणारीही त्यातच बंद पडतात.

"गोळी तर चार दिवसापासून बंद हाये," भाऊ म्हणाला. "अन् मीबी तेच गोया खाल्ल्या जी. मले काईच नाही झालं."

या दोन वाक्यांनी मला सोडलं नाही. पायरॉक्सिकॅमचं अर्धायुष्यच, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण ५० तासांचं, त्यामुळे रोजच्या गोळीचा साठा होत जातो आणि बंद केल्यावरही काही दिवस उरतो हे मान्य. पण सख्ख्या भावाला काहीच नाही? दोघांचीही सीवायपी२सी९च्या जीनची चाचणी पाठवली. हे यकृतातलं एन्झाइम पायरॉक्सिकॅम मोडतं. पैसे कोणत्या योजनेत बसवायचे यावर ऑफिसात जो वाद झाला तो लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

रिपोर्ट आला: थोरला स्टार थ्री-स्टार थ्री, म्हणजे आईबापांकडून आलेल्या जीनच्या दोन्ही प्रती अधू. धाकटा स्टार वन-स्टार थ्री, म्हणजे एक नॉर्मल, एक अधू. स्टार थ्री आपल्याकडे दुर्मीळ नाही. दोन्ही प्रती अशा निघाल्या की हे औषध शरीरात कितीतरी जास्त काळ रेंगाळतं. जीन बघून औषध कसं द्यावं हे सांगणाऱ्या सीपिक या गटाच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत अशांना पायरॉक्सिकॅम नकोच असं लिहिलंय, आणि धाकट्यासारख्या एक प्रत अधू असलेल्यांनाही. त्याचं "काईच नाही झालं" हे नशीब होतं.

रेसिडेंट खूश, केस प्रेझेंट करायला निघाला. मी थांबवलं. थोरल्यानं मधल्या काळात गावातल्या एका दवाखान्यातून पुडी आणली होती. बिननावाच्या सुट्या गोळ्या, त्यातली एक स्टेरॉइडसारखी दिसणारी. वेदनाशामकासोबत स्टेरॉइड म्हणजे अल्सरला आमंत्रण. शिवाय रक्तस्राव चालू असताना हेलिकोबॅक्टरची, म्हणजे अल्सर करणाऱ्या जठरातल्या जंतूची, रॅपिड युरिएज चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. त्याची निगेटिव्हच आली होती. पुढे शौचाच्या नमुन्यात तो जंतू सापडला. आता रक्त कुणामुळे वाहिलं सांगा. जीन, जंतू, पुडी, की चिठ्ठीशिवाय माल देणारा? युरोपच्या औषध नियामकानं २००७ मध्येच पायरॉक्सिकॅमला थोड्या दिवसांच्या दुखण्यातून हद्दपार केलं. आपल्याकडे ते दुकानात गोळ्या-बिस्किटांसारखं मिळतं. माझ्या मते जीननं फक्त भावांपैकी कोण, हे ठरवलं.

डिस्चार्ज कार्डावर हे लिहायला रकानाच नाही. उद्या कुणी वॉरफरिन किंवा फेनिटॉइन सुरू केलं तरी याच एन्झाइमचा प्रश्न येणार. शेवटी "ॲलर्जी"च्या रकान्यात लाल पेनानं लिहिलं. ही ॲलर्जी नाही हे मला माहीत आहे, पण तो रकाना निदान वाचला तरी जातो.

फॉलो-अपला दोघंही आले. जंतूवरचा कोर्स पूर्ण, हिमोग्लोबिन ९.८. गुडघे मात्र तसेच. पॅरासिटामॉलनं काही होत नाही म्हणाला. "साहेब, ते गॅसची गोळी सोबत घेतली तं जुनी चालन का?" धाकटा गप्प होता. त्याच्या शर्टाच्या खिशात स्ट्रिप होती. मागून घेतली तर दोन गोळ्या उरलेल्या.