काकूचं बोट

आज काकू घरी आली ती चपला पण न काढता म्हणाली, "आगं, परत बोट घेतलं न्हाय मशिनीनं."

काकू माण तालुक्यातली. काका गेल्यावर दीड वर्षापूर्वी करी रोडच्या आमच्या खोलीत आली आणि लोअर परळच्या एका टॉवरमध्ये हाऊसकीपिंगला लागली. गावाकडं हजेरी म्हणजे दिवसाचा रोज, बाईला तीनशे आणि त्याच रानात गड्याला पाचशे. इथं हजेरी म्हणजे अंगठा लावायचा. पण तीस वर्षं खुरपं धरून आणि कांदे कापून तिचा अंगठा गोट्यासारखा गुळगुळीत झालाय, मशीनला काय रेषाच दिसत नाहीत. पहिल्याच महिन्यात कॉन्ट्रॅक्टरनं चार खाडे लावले, ही रोज साडेसहाला हजर असून! मग कुणीतरी सांगितलं, बोट तेलकट केसांवरून फिरवून लाव. दिवाळीनंतर हळूहळू घ्यायला लागलं.

गंमत म्हणजे ही खोली आजोबांची, गिरणीत होते ते. तेव्हा साताऱ्याकडचे गडी मुंबईला यायचे आणि बायका मागं रान बघायच्या. आजीनं अख्खा जन्म मनिऑर्डरीची वाट बघत बाजरी खुरपली, तिला कधी कुणी कामाला आहे म्हटलं नाही. ८२ च्या संपानंतर आजोबा पण गावाला गेले. आणि आता त्याच गिरणगावात सून लाद्या पुसतेय.

मला वाटायचं आता सगळ्याच बायका शेतीतनं बाहेर पडतायत. म्हणून मधे सरकारी श्रमबल सर्व्हेचे आकडे बघितले तर उलटंच, २०१७-१८ ला गावाकडं काम करणाऱ्या शंभर बायकांतल्या ७३ शेतीत होत्या आणि २०२३-२४ ला ७७. त्यातल्या कितीतरी घरच्याच रानात, म्हणजे काम दिवसभर आणि हातात शून्य. काकूचं पण तेच होतं की, बांधाबाहेर गेली तरच रोज, आणि तो पण काकांच्या हातात.

आता पगार तिच्या खात्यावर येतो. मेसेज आला की मला वाचायला लावते, आकडा दोनदा. तिला सगळ्यात जड गेली ती रविवारची सुट्टी. पहिले दोन-तीन रविवार नुसती गॅलरीत उभी राहायची आणि विचारायची, "आज करू काय मी?" काम सोपं आहे असं ती म्हणत नाही हां, ॲसिडच्या वासानं डोकं धरतं आणि जेवायला जिन्यात बसावं लागतं, ते मला अजिबात पटत नाही. पण "वरनं ऊन न्हाय" एवढं म्हणते.

मग आज बोट का नाही घेतलं? तर बाई पंधरा दिवस रजा टाकून गावी गेल्या होत्या, बिनपगारी, बाजरी खुरपायला. मी किती सांगितलं, बाई लाव, पैसे मी देते. "घरचं रान हाय, बाई कशाला?"

आत्ता माझी व्हॅसलीनची डबी घेऊन अंगठा चोळत बसलीय. खुरप्याचा नवा फोड आलाय, त्याच्या बाजूबाजूनं.