कोलोनोस्कोपीची तयारी: शंखप्रक्षालन चालेल का, एवढंच विचारलं होतं

हिमोग्लोबिन सारखं उतरत होतं म्हणून डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, सांगितली. तपासणीचं काही वाटलं नाही. गुंगीचं इंजेक्शन दिलं, जाग आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्रास झाला तो आधी, हॉस्पिटलच्या काउंटरवर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

तपासणीआधी आतडं साफ व्हावं म्हणून पेगची (पॉलिइथिलीन ग्लायकॉल या जुलाबाच्या औषधाची) पावडर दोन लिटर पाण्यात कालवून प्यायची असते. हिला तिच्या तपासणीच्या वेळी ती खारट-गुळमट चव सोसली नव्हती, उलट्या झाल्या होत्या. मी कित्येक वर्षं योगवर्गाला जातो. लघु शंखप्रक्षालन, म्हणजे मिठाच्या पाण्याने आतडी धुण्याची योगक्रिया, मला सवयीचं आहे: कोमट मिठाचं पाणी, मग ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन, उदराकर्षणासन. कोलोनोस्कोपीसाठी कोमट मिठाचं पाणी आणि अशाच हालचालींची नेहमीच्या तयारीशी तुलना करणारी चाचणी अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेली आहे. म्हणून विचारलं, हे चालेल का?

काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता सांगितलं, "काका, कागदावर लिहिलंय तसं करा." कागदावर लिहिलं होतं, सगळी पावडर आदल्या संध्याकाळी संपवा. माझी वेळ दुपारी 12 ची. डॉक्टरांना विचारायचंय म्हटलं, तर "त्यासाठी वेगळी अपॉइंटमेंट". फोन केला तर तोच काउंटर. हो नको, नाही नको, कोणी उत्तरच देईना! माझ्या पोटात काय जाणार हे विचारायचा हक्क मला आहे, म्हणून मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. शेवटी एंडोस्कोपी रूमच्या सिस्टर बाहेर आल्या, त्यांनी ऐकून घेतलं आणि मला आत नेलं.

डॉक्टर "नाही" म्हणाले, पण कारण देऊन. मी बीपीसाठी लघवीची गोळी घेतो. मिठाचं पाणी थोडंफार शरीरात शोषलं जातं, क्षारांचा तोल बिघडू शकतो. पेग शोषलं जात नाही, पाणी आतड्यातच धरून ठेवतं. एरंडेलही नको, त्याने कळा येतात आणि एवढी सफाईही होत नाही. मला पटलं. वर त्यांनी डोस विभागून दिला: निम्मा संध्याकाळी, निम्मा पहाटे 6 ला सुरू करून 8 पर्यंत संपवायचा. सगळं आदल्या दिवशीच प्यायलं तर रात्रीत वरून उतरलेला चिकट थर आतड्याच्या उजव्या बाजूला बसतो आणि तिथलं नीट दिसत नाही. हे त्या कागदावर का नाही?

पावडरचं पाणी फ्रिजमध्ये गार करा, स्ट्रॉने प्या, मधे लिंबाची फोड चोखा. मला एकही उलटी झाली नाही. रिपोर्टवर सफाईचा बोस्टन स्कोअर 9 पैकी 8 आला, याचा मला अभिमान आहे.

आदल्या दिवशी शहाळ्याचं पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेलं लिंबू सरबत चालतं. कोकम सरबत नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. त्याआधीचे दोन-तीन दिवस भाकरी, पालेभाजी, टोमॅटो, पेरू बंद. पांढरा भात आणि दही खा. पहाटेपासून गुदद्वाराला खोबरेल तेल लावत राहा, नाहीतर आग होते.

लोहाच्या गोळ्यांचंही कागदावर नव्हतं. त्या साधारण आठवडाभर आधी बंद करतात, कारण मळ काळा आणि चिकट होतो. डायबिटीसच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र काउंटरला विचारू नका, डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.