एकच सर्जन, एक दुर्बिणीनं आणि एक पोट उघडून

बेळगावात कॅन्सर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, सर्जनच्या हातात हत्यारं देणारी स्क्रब सिस्टर आहे मी. त्या दिवशी लिस्टला लागोपाठ दोन केसेस, सर्जन एकच, आमच्या मोठ्या मॅडम, दुर्बिणीवर त्यांचा हात असा बसलाय की बाहेरचे डॉक्टर बघायला येतात. पहिली निपाणीची मावशी, पाळी जाऊन कित्येक वर्षांनी परत अंगावरून जायला लागलेलं, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, वजन भरपूर, शुगर बीपी सगळं. दुसरी खानापूरकडची, चाळिशीतली, गर्भाशयाच्या तोंडाचा, गाठ साधारण 3 सेंटिमीटर.

मावशींचं दुर्बिणीनं. एक बाजू मॅडमनी केली, दुसरी फेलोला, म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टरला दिली. हात वाईट नाही त्याचा, पण युटेराइन आर्टरीपाशी, म्हणजे गर्भाशयाच्या रक्तवाहिनीपाशी, भस्सकन रक्त आलं, स्क्रीन लाल, आणि हा लगेच सीलर, म्हणजे रक्तवाहिनी भाजून बंद करायचं हत्यार, घेऊन जाळायला निघाला. मॅडम ओरडल्या नाहीत, "थांब रे, आधी धर" एवढंच. ग्रास्परच्या चिमट्यानं दाबून धरलं, सक्शन केलं, मग पण जाळलं नाही, आधी युरेटर, म्हणजे मूत्रपिंडाकडनं लघवी आणणारी नळी, शोधला, तो गांडुळासारखा वळवळताना दिसला तेव्हाच माझ्याकडं सीलर मागितला. ती नळी भाजली असती तर मावशी थोड्या दिवसांनी लघवीची गळती घेऊन परत आली असती. फास्ट हात पुष्कळ बघितलेत मी, असे थांबणारे कमी. शेवटी गर्भाशय तुकडे न करता अख्खं खालून काढलं.

मधल्या वेळात खानापूरवालीचा मुलगा दारातच, "त्यांचं भोकातनं केलं आणि आमच्या आईचं पोट फाडताय व्हय, पैशाचा विषय असंल तर सांगा की." मॅडम धारवाडच्या, मराठी कानडी हेलात बोलतात. "पैशाचं काय नाही रे बाळा." मग केसपेपरच्या मागं लिहूनच दाखवलं. 2018 साली छापून आलेला एलएसीसी म्हणून अभ्यास, 631 बायका, 33 हॉस्पिटलं, साडेचार वर्षांनी रोग परत न आलेल्या, पोट उघडून केलेल्यांत 96.5 टक्के आणि दुर्बिणीच्या गटात 86. रोबोट पण त्या दुर्बिणीच्याच गटात. अस्तराच्या कॅन्सरमध्ये मात्र 2017 च्या 760 बायकांच्या अभ्यासात दोन्हीकडं 81 टक्क्यांच्या आसपास, म्हणून मावशीचं तसं.

हात धुताना फेलोनं विचारलंच, त्या अभ्यासातले सर्जन नवखे असतील ना मॅडम? तर म्हणाल्या, आधीच्या 10 केसेसचा हिशोब आणि न कापलेले 2 व्हिडिओ दिल्याशिवाय आत घेत नव्हते. कारण नक्की कुणालाच माहीत नाही, गर्भाशय हलवायला खालनं घालतात तो मॅनिप्युलेटर गाठीवर घासतो, पोट फुगवायला भरलेला गॅस असतो, योनी आत उघडल्यावर पेशी पोटात सांडतात, असे संशय आहेत. भरपूर केसेस करणाऱ्यांकडं फरक पडत नाही म्हणणारे पण आहेत. "असतील. पण माझ्या हाताचा भरवसा तिच्या जिवावर कशाला तपासू?" मला हे पटलं, फेलोचं तोंड मात्र उतरलेलं, बिचारा रॅडिकल केस, म्हणजे आजूबाजूच्या भागासकट गर्भाशय काढायचं हे मोठं ऑपरेशन, दुर्बिणीनं शिकायलाच आलाय.

खानापूरवालीचं ऑपरेशन लांबलं. रिपोर्टला काढलेल्या भागाच्या कडा साफ, लिम्फ नोडमध्ये काही नाही, रेडिएशन टळलं. मूत्राशयाच्या नसा दुखावतात यात, म्हणून कॅथेटर बरेच दिवस ठेवायला लागला आणि त्यावरनं मुलगा परत माझ्याशीच भांडला. त्याचं चुकलं असं पण म्हणवत नाही, निपाणीची मावशी दुसऱ्याच दिवशी चहा पिऊन चालत गाडीत बसलेली त्यानं बघितली होती.