मेणवलीच्या घाटावर

आज पहाटे साताऱ्याहून निघून वाईजवळच्या मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर जलरंग घेऊन बसलो. गेल्या महिन्यात गुहागरच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत उतरलेले आभाळ कागदावर येण्याआधीच पालटले होते, ती रुखरुख मनात होती. म्हणून आज कागदाचे चार तुकडे केले आणि ऊन सरकले की, चित्र अपुरे असले तरी, पुढचा तुकडा घेतला. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर असेच कॅनव्हास बदलत असे. सकाळी साडेसातला काळ्या पायरीची ओली कड निळसर जांभळी दिसत होती. नऊ वाजता तीच कड कोरडी, राखाडी झाली आणि तिची सावली आखडली. नदीकाठच्या दमट हवेत पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळायला फार वेळ लागला. दुसरा तुकडा मात्र मला मनापासून आवडला.