बारालाचाच्या वाटेवर: दगडी हिमनदी बघायला जाणार असाल तर

आमच्या सरांनी २०१४ साली काढलेला दगडी हिमनदीचा एक फोटो, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, आणि आम्ही चौघं. त्याच जागी उभं राहून तोच फोटो पुन्हा काढायचा, एवढ्याच कामासाठी कोल्हापूर सोडलं. दिल्लीची निजामुद्दीनला जाणारी गाडी आठवड्यातून एकदाच, तेव्हा आधी तिकीट बघा, मग रजा टाका. पुढं मनाली, अटल बोगदा, केलाँग. केलाँगला दोन रात्री काढाच. पन्हाळा पळत चढणारा आमचा संज्या तिथं विरळ हवेनं पहिल्याच रात्री डोकं धरून बसला, आणि बारालाचा खिंड तर जवळजवळ ४,९०० मीटरवर.

दगडी हिमनदी लांबून कोसळलेल्या दरडीसारखी दिसते. जवळ गेल्यावर वळ्या दिसतात. गुऱ्हाळावर काकवी ताटात ओतली की पुढच्या कडेला पडतात ना, अगदी तशा. फक्त एकेक वळी घराएवढी. सलग दोन वर्षं शून्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. त्यातला बर्फ आणि दगड मिळून उतारावरून रांगत येतात, तीच दगडी हिमनदी. वेग वर्षाला काही सेंटिमीटर, फार तर काही मीटर. वरच्या दगडांवर दगडफुलाचे ठिपके होते, मसाल्यातल्या दगडफुलाचेच भाऊबंद. तोंडाशी, म्हणजे खालच्या टोकाला, मात्र दगड कोरे, फिकट, कारण तिथं ते सारखे गडगडतात. म्हणून तोंडाखाली उभं राहू नका. खालच्या झऱ्यात शाळेतला थर्मामीटर बुडवला, पारा दीड अंशावर.

फोटोची जागा सापडायला अर्धा दिवस गेला. सरांनी ती कुठंच लिहून ठेवलेली नव्हती! जुन्या फोटोत कडेवर असलेला कपाटाएवढा दगड आता खाली पडलेला बघून संज्या ओरडला, "सरकली की रं!" पण एक दगड पडला म्हणजे सगळी हिमनदी सरकली असं होत नाही. ऑस्ट्रियात आउटर होखएबेनकार या दगडी हिमनदीची मोजणी १९३८ पासून चालू आहे. आपल्या दोन फोटोंवर काय बोलणार?

सप्टेंबरात जा, तेव्हा बर्फ कमी असल्यानं वळ्या उघड्या दिसतात. पेट्रोल केलाँगच्या अलीकडच्या तांदीलाच भरा. ओढे सकाळी ओलांडा, दुपारी पाणी चढतं. फोटो काढलात की जीपीएसचे आकडे, तारीख, वेळ आणि लेन्स वहीत लिहा. दगडावर रंग फासू नका. मापाला माणूस उभा केलात तर त्याची उंचीही लिहा. आमच्या फोटोत संज्या आहे, पाच फूट सात.