समासातली हुबळी

सासऱ्यांच्या वडिलांचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) मिरजेत झाला, घरात एवढंच ठाऊक. आजोबा रेल्वेत फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, मीटर गेजवर. (पुढे मिरजेत ब्रॉड, मीटर, नॅरो असे तिन्ही गेज एकत्र नांदले.) चर्चच्या वहीतली त्यांची नोंद शोधायला आम्ही दोघं नवरा-बायको शनिवारी साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने निघालो. कऱ्हाड, पेठ नाका, सांगली, मिरज. प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, फक्त नाश्ता कऱ्हाडलाच उरका.

मिरजेत पहिली चूक आमचीच. रिक्षावाल्याला नुसतं "चर्च" म्हणालो. त्याने थेट मिशन हॉस्पिटलला नेलं. त्याचं तरी काय चुकलं? डॉ. वानलेस यांनी 1894 साली इथे दवाखाना उघडला, तेव्हापासून मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की मिशन. पण ते प्रेस्बिटेरियन. तिथल्या एका आजींनी हसत समजावलं, "आमचे पाळक असतात बाळा, तुम्हाला फादर पाहिजेत." म्हणून रिक्षात बसतानाच "कॅथलिक चर्च, फादरांचं" असं सांगा.

फादरांना आठवडाभर आधी फोन केला होता, तो कामी आला. रविवारी मिस्सा (उपासना) सुटल्यावर दाखल्यांसाठी गर्दी असते, तेव्हा जाऊ नका. जुनी वही समोर आली. पाठीची शिवण सुटलेली, कडा वाळवीने कुरतडलेल्या, मजकूर लॅटिनमध्ये. आम्ही "फ्रान्सिस" शोधत अर्धा तास घालवला. नाव लिहिलं होतं "फ्रान्सिस्कुस". शेवटी बापाच्या नावावरून सापडलं. त्यामुळे जाताना आईबापांची नावं, अंदाजे साल आणि आडनावाची दोन-तीन स्पेलिंग लिहून न्या.

खरी गंमत समासात, पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत होती. वेगळ्या शाईत, बारीक अक्षरात आजोबांचं लग्न: गाव हुबळी, खाली तारीख. कॅथलिकांत 1908 च्या ईस्टरपासून नियम आहे की लग्न कुठेही होवो, ते स्नानसंस्काराच्या वहीत कळवायचं. मग मी नोंदी सोडून समासच वाचत बसलो. लोंढा, गदग, हुबळी, पुणे. धर्मग्रामाचा (एका चर्चच्या हद्दीतल्या लोकांचा) इतिहास वाचतोय की रेल्वेचं टाइमटेबल, तेच कळेना. दारावरच्या संगमरवरी पाटीत यातलं काहीही नाही.

वहीचा फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्यात इतरांचीही घरं असतात. नोंद हाताने उतरवा, सही-शिक्क्याचा दाखला मागा, पेटीत जमेल ते टाका. वही सापडलीच नाही तर पुण्याच्या धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या कचेरीत विचारा. 1886 साली स्थापन झालेल्या त्या धर्मप्रांतातच सातारा-सांगली येतात. कोल्हापूरकरांनी मात्र सिंधुदुर्ग धर्मप्रांताची कचेरी गाठावी. 2005 पासून कोल्हापूर तिकडे आहे.

परतीच्या एसटीतूनच हिने हुबळीला फोन लावला. पलीकडच्या फादरांनी पहिला प्रश्न केला, "लग्नाची तारीख?" हिने नोंद उतरवलेली आपली वही उघडली आणि सांगितली.